कुपवाडचे भाषानिरीक्षण व त्याचा आवाका

भाषासंपर्काच्या अभ्यासात सांगलीजवळील कुपवाडचे नाव सर्वत्र घेतले जाते, ते जॉन गम्पर्झ व रॉबर्ट विल्सन यांच्या 1971 साली प्रसिद्ध झालेल्या निबंधामुळे. या गावी मराठी, कन्नड, उर्दू व तेलुगू या भाषा शतकानुशतके एकत्र नांदल्या. शब्द निरनिराळे राहिले, परंतु व्याकरणे इतकी जवळ आली की शब्दास शब्द ठेवून एकीतून दुसरीत जाता यावे, असे त्यांचे प्रतिपादन होते. तेथील मराठीत मनुष्येतर नामे कन्नडच्या धर्तीवर नपुंसकलिंगी होतात, हे त्यांतील एक ठळक उदाहरण.

हा प्रयोग नव्हे. कोणत्या घरी कोणती भाषा असावी हे संशोधक ठरवीत नाही. असेल ते त्याने पाहावयाचे. अशा निरीक्षणाने साम्य प्रस्थापित होते. परंतु ‘जवळ आली’ या क्रियापदात काळ आहे, आणि निरीक्षण एकाच काळचे. पूर्वस्थितीच्या जागी प्रमाणभाषा ठेवून हे अंतर भरून काढण्यात आले, आणि खरी अडचण येथेच आहे. कुपवाडची मराठी पुणेरी मराठीपासून दूर गेली असे म्हणावयाचे, तर ती तेथून कधीकाळी निघाली होती काय? तुलनेस हवी ती दक्षिण महाराष्ट्रातील, पण कन्नडचा इतका निकट शेजार नसलेल्या गावांची बोली. तेथेही तेच विशेष आढळले, तर संपर्काचे कारण लंगडे पडते. ग्रिअर्सनच्या सर्वेक्षणाचा मराठीविषयक खंड (1905) येथे थोडाच उपयोगी. त्यातील बरेचसे नमुने उडाऊ पुत्राच्या कथेची लेखी भाषांतरे आहेत, ऐकलेले बोलणे नव्हे.

सोनल कुलकर्णी-जोशी यांनी सुमारे चाळीस वर्षांनी कुपवाडची फेरपाहणी करून मूळ प्रतिपादनाचीच चिकित्सा केली, हे योग्यच झाले. तथापि दुसऱ्या निरीक्षणाने काळ मिळतो, कारण आपोआप मिळत नाही. मध्यंतरी मराठी ही राज्याची भाषा म्हणून दृढ झाली होती, आणि 1998 मध्ये कुपवाड महानगरपालिकेत गेले होते.

हाच विचार हातकणंगले तालुक्यातील कबनूरला लावून पाहता येईल. शेजारच्या इचलकरंजीत 1904 साली यंत्रमाग आला, आणि पुढे त्या धंद्यामागे माणसे येत राहिली. अशा गावी आजोबा व नातू यांच्या बोलीत फरक आढळला, तर तो भाषेतील बदल, शाळेचा परिणाम, की घरात बाहेरून आलेल्या सुनेची बोली? म्हणून प्रत्येक निवेदकाचे जन्मगाव, आईची भाषा आणि गावातील वास्तव्याची वर्षे यांची नोंद ध्वनिमुद्रणापूर्वीच व्हावयास हवी.