घाटाआधीचं पाणी

शीवच्या राणी लक्ष्मीबाई चौकातून पुण्याकडे निघालेल्या गाडीची परीक्षा खोपोलीनंतर सुरू होते. चढ, खालचा गिअर, मंद चाल; इंजिन पूर्ण ताकदीने ओढत असतं आणि समोरून वारा पुरेसा लागत नाही. अशा गाड्यांत कॅराव्हॅनही येते; राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. डिझेल गाडीच्या सांगाड्यावर पलंग, ओटा, पाण्याची टाकी चढवलेलं हे फिरतं घर बोरघाटात इंजिनाचं पाणी थंड करणाऱ्या रेडिएटरच्या भरवशावरच चढतं.

रेडिएटर मुळात नव्हताच. कार्ल बेंझच्या १८८६ च्या तीनचाकीत सिलिंडरभोवतीच्या पाण्याची उकळून वाफ व्हायची. वाटेत पाणी भरत राहणं हीच देखभाल. रुडॉल्फ डिझेलने तर १८९३ च्या पुस्तकात सिलिंडर थंड न करणारं इंजिन कल्पिलं होतं. उष्णता बाहेर टाकणं म्हणजे इंधन वाया घालवणं, हा त्याचा हिशेब. प्रयोगांपुढे तो टिकला नाही. १८९७ मध्ये आउग्सबुर्गला यशस्वी ठरलेलं त्याचं इंजिन पाण्यानेच थंड होत होतं.

आजच्या रेडिएटरच्या जाळीचा जनक विल्हेल्म मायबाख. १९०० च्या अखेरीस तयार झालेल्या पहिल्या मर्सिडीजसाठी त्याने आठ हजारांवर बारीक चौकोनी नळ्या जोडून मधाच्या पोळ्यासारखी जाळी केली. नळ्यांतून वारा, त्यांच्यामधल्या फटींतून पाणी आणि मागे पंखा. अठरा लिटर पाण्याचं काम नऊ लिटरवर आलं. मला हा या कथेतला सर्वांत मोठा क्षण वाटतो. इथून पुढे पाणी कमी होत गेलं आणि त्याच्यावरचा भार वाढत गेला. रेडिएटरच्या झाकणाने दाब धरला, ग्लायकॉल आलं, आणि शंभर अंशांवरही न उकळणारं पाणी इंजिनात फिरू लागलं. गरम गाडीचं झाकण उघडताच ते अंगावर उसळतं, ते त्यामुळेच.

थोड्या पाण्याला चूक सोसत नाही. मुंबईचं पाणी तानसा-वैतरणासारख्या धरणांचं, बरंच मऊ. घाटमाथ्यापलीकडे बोअरचं जड पाणी ओतलं की क्षार नळ्यांत बसतात. डिझेल इंजिनाला आणखी एक दुखणं आहे. ज्या इंजिनात लायनरला, म्हणजे सिलिंडरच्या अस्तराला, पाणी थेट लागतं, तिथे पिस्टनच्या धक्क्यांनी लायनर थरथरतो, पाण्यात सूक्ष्म बुडबुडे होऊन फुटतात आणि धातूला टोचे पडत जातात. शेवटी लायनरला आरपार भोक. कूलंटमधली, म्हणजे ग्लायकॉल मिसळलेल्या पाण्यातली, रसायनं धातूवर पातळ थर धरून हे अडवतात. नुसतं पाणी ते करू शकत नाही.

म्हणून घाटाची तयारी शीवलाच हवी. थंड गाडीत कूलंटची पातळी पाहावी, कमी असेल तर त्याच जातीचं, डिस्टिल्ड वॉटरमध्ये कंपनीने सांगितलेल्या प्रमाणात मिसळून घालावं. होज पाइप दाबून पाहावेत, बेल्टच्या चिरा पाहाव्यात. जाळीतली धूळ इंजिनाच्या बाजूने बाहेर, हलक्या धारेने काढावी. जोराच्या फवाऱ्याने जाळीचे पातळ पत्रे वाकतात. कॅराव्हॅन महिनोन्महिने उभी असते आणि कूलंट उभ्या गाडीतही जुनं होतं. तेव्हा नुसते किलोमीटर न मोजता, बदलल्याची तारीख कूलंटच्या टाकीवर लिहून ठेवावी.