तलफ: देहाची की मनाची?

चिलीम सोडल्यावर गांजेकसाची जी तळमळ होते ती देहाची की मनाची, हा वाद आजचा नव्हे. १८९३ साली ब्रिटिश सरकारने गांजा, भांग व चरस यांच्या चौकशीसाठी मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. आमचे जालना तेव्हा निजामाच्या राज्यात होते. परंतु राज्याची सीमा चिलमीला आडवी येत नसे. गोसावी, बैरागी व फकीर यांच्यासवे ती सर्वत्र हिंडे.

आयोगाने ११९३ साक्षी घेतल्या. ही सवय सोडणे कठीण जाते काय, असेही साक्षीदारांस विचारले. वेड्यांच्या इस्पितळांतील नोंदी तपासता, खरे कारण ठाऊक नसता ‘गांजा’ एवढा शब्द लिहून कित्येक ठिकाणी काम भागविलेले आढळले. नाव देण्याची ही घाई आम्हांस विशेष बोधप्रद वाटते.

कारण उलट दिशेची घाई आपणही करतो. अफू सुटली म्हणजे ओकाऱ्या, जुलाब, हाडे फुटणे अशी देहाची दैना उघड दिसते. गांजा सुटल्यावर तसा कल्लोळ होत नाही. म्हणून ‘हे मनाचे चोचले’ असा निकाल घरोघरी दिला जातो. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या १९९४ च्या संहितेतही या अवस्थेस स्थान नव्हते. ते २०१३ साली मिळाले.

मध्यंतरी शास्त्र पुढे गेले होते. गांजातील मुख्य मादक द्रव्य १९६४ मध्ये शुद्ध स्वरूपात वेगळे काढण्यात आले. मेंदूतील ते ग्रहण करणारी स्थाने १९८८ मध्ये सापडली. नित्य सेवनाने ही स्थाने घटतात व सुमारे चार आठवड्यांच्या संयमाने पूर्ववत होऊ लागतात. म्हणून दीर्घकाळ रोज गांजा ओढणाऱ्याने तो सोडला की एकदोन दिवसांत चिडचिड, निद्रानाश, अन्नद्वेष, क्वचित घाम व थरथर सुरू होते. पहिल्या आठवड्यात त्रास शिगेस पोहोचतो, आणि बहुधा दुसऱ्याच्या अखेरीस ओसरतो; झोप मात्र कधी महिनाभर रुसते.

तेव्हा मनाची म्हणून जी चिडचिड आपण हिणवितो, तिचे मूळ देहातच असते. आपल्या भाषेतील ‘तलफ’ हा शब्द देह आणि मन असा भेद मुळी करीतच नाही. घरातील मुलगा व्यसन सोडू पाहत असता त्या पंधरा दिवसांतील त्याच्या रागास दुर्गुण म्हणणे, हे इस्पितळातील त्या कारकुनी नोंदीइतकेच उतावीळपणाचे होय.