नोव्हेंबर, ५ (क्रीडा दिनविशेष : २००१–१०)

एकाच तारखेला निरनिराळ्या वर्षी जन्मलेले खेळाडू, झालेली पदार्पणे आणि गाठलेले विक्रमी टप्पे यांच्या एकत्रित नोंदीस क्रीडा दिनविशेष म्हणतात. प्रत्येक फटक्याचा हिशेब ठेवणाऱ्या बेसबॉलमध्ये ही प्रथा विशेष रुजली असून भारतात तिला क्रिकेटने जागा दिली आहे. ५ नोव्हेंबरपुरते पाहिल्यास एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातील सर्वांत ठळक घटना हैदराबादच्या पूर्व भागातील, २००९ सालची आहे.

शहरातील दिलसुखनगर या भागाच्या ईशान्येस, मुसी नदीपलीकडे, सरळ रेषेत सुमारे ५ किमी. अंतरावर उप्पल येथे राजीव गांधी आंतरराष्ट्रीय स्टेडियम आहे.   या मैदानावर भारत व ऑस्ट्रेलिया यांच्यातील मालिकेचा पाचवा एकदिवसीय सामना दिवस-रात्र पद्धतीने, म्हणजे दुपारी सुरू होऊन प्रकाशझोतात संपणारा, असा खेळला गेला. ऑस्ट्रेलियाने शॉन मार्शच्या ११२ व शेन वॉटसनच्या ९३ धावांच्या बळावर ४ बाद ३५० अशी धावसंख्या उभारली.

उत्तरादाखल सचिन तेंडुलकरने १४१ चेंडूंत १९ चौकार व ४ षटकारांसह १७५ धावा केल्या आणि या खेळीदरम्यान एकदिवसीय क्रिकेटमध्ये १७,००० धावा पूर्ण करणारा तो जगातील पहिला फलंदाज ठरला. तेव्हा तो ३६ वर्षांचा होता आणि त्याच्या आंतरराष्ट्रीय कारकिर्दीस वीस वर्षे पूर्ण होण्यास अवघे दहा दिवस उरले होते. वीरेंद्र सेहवागसह ६६ धावांची सलामी मिळूनही ४ बाद १६२ अशी अवस्था झाल्यावर सुरेश रैनाच्या (५९) साथीने त्याने १३७ धावा जोडल्या, त्यामुळे एरवी हातचा गेलेला सामना पुन्हा आवाक्यात आला. विजयासाठी १७ चेंडूंत १९ धावा हव्या असताना क्लिंट मॅके याचा चेंडू शॉर्ट फाइन लेगवरून, म्हणजे फलंदाजाच्या मागे डाव्या अंगाला जवळच उभ्या असलेल्या क्षेत्ररक्षकाच्या डोक्यावरून, अलगद उचलण्याच्या प्रयत्नात तेंडुलकरचा झेल नेथन हॉरिट्झच्या हाती गेला. मॅकेचा तो पहिलाच एकदिवसीय सामना होता, त्यामुळे त्याचे पदार्पणही याच तारखेच्या खात्यावर जमा होते. भारताचा डाव दोन चेंडू शिल्लक असताना ३४७ धावांवर आटोपला आणि सामना ३ धावांनी हातून निसटला; पराभूत संघात असूनही सामनावीराचा मान तेंडुलकरलाच मिळाला. दिनविशेषात १७,००० हा आकडा येतो आणि निकाल बहुधा गळतो. ही उणीव गंभीर आहे, कारण या खेळीची थोरवी त्या तीन धावांपासून वेगळी काढता येत नाही.

त्याच दिवशी सकाळी (न्यूयॉर्कमध्ये ४ नोव्हेंबरची रात्र) न्यूयॉर्क यांकीज संघाने फिलाडेल्फिया फिलीजचा ७–३ असा पराभव करून ‘वर्ल्ड सिरीज’ ही बेसबॉलची अंतिम मालिका सत्ताविसाव्यांदा जिंकली. या सामन्यात हिदेकी मात्सुईच्या फटक्यांवर ६ धावा निघाल्या. विजयी संघातील जॉनी डेमन याचा जन्म ५ नोव्हेंबर १९७३ चा, म्हणजे तेंडुलकरच्याच जन्मवर्षातील. त्याच मालिकेच्या चौथ्या सामन्यात त्याने एकाच चेंडूवर दुसरा व लगोलग तिसरा बेस ‘चोरला’ होता. बेस चोरणे म्हणजे फटका लागण्याची वाट न पाहता धावून पुढचा टप्पा गाठणे. तारीख ज्या गावच्या घड्याळाने मोजली, त्यावर दिनविशेषाची नोंद कशी अवलंबून असते, हे या सामन्यावरून स्पष्ट होते.

जन्मनोंदींत विराट कोहलीचे (दिल्ली, १९८८) नाव अग्रभागी आहे. २००८ मध्ये त्याने एकदिवसीय पदार्पण केले असले, तरी २००९ च्या आपल्या एकविसाव्या वाढदिवशी उप्पलच्या सामन्यातील अकरा जणांत तो नव्हता. दशकाबाहेरची असली तरी येथे एक नोंद आवश्यक ठरते : ५ नोव्हेंबर २०२३ रोजी, पस्तिसाव्या वाढदिवशी, त्याने कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर दक्षिण आफ्रिकेविरुद्ध नाबाद १०१ धावा करून तेंडुलकरच्या ४९ एकदिवसीय शतकांची बरोबरी साधली. तेंडुलकरच्या त्या ४९ शतकांपैकी ४५ वे शतक उप्पलचे होते.