फँड्री

नागराज मंजुळे यांनी लिहिलेला आणि दिग्दर्शित केलेला मराठी चित्रपट (२०१३). कथा नगर तालुक्यातील अकोळनेर गावात घडते. मंजुळे मूळचे सोलापूर जिल्ह्यातील जेऊरचे. अहमदनगरच्या (आता अहिल्यानगर) न्यू आर्ट्‌स, कॉमर्स अँड सायन्स महाविद्यालयात शिकत असताना त्यांनी ‘पिस्तुल्या’ हा लघुपट केला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘फँड्री’ हा त्यांचा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट.

कोवळ्या वयातल्या प्रेमाचे चित्रपट बहुधा मागे वळून पाहत सांगितलेले असतात. आलँ-फुर्निये यांच्या ‘ल ग्रां मोल्न’ (१९१३) या फ्रेंच कादंबरीवर १९६७ साली निघालेला चित्रपट काय किंवा मिलिंद बोकील यांच्या कादंबरीवरचा ‘शाळा’ काय, दोन्हींत सरलेल्या दिवसांची हुरहुर आहे. ‘फँड्री’तल्या जब्याला अशी हुरहुर परवडणारी नाही. गावकुसाबाहेर राहणाऱ्या, डुकरे धरण्याचे काम माथी आलेल्या कुटुंबातला हा मुलगा वर्गातल्या सवर्ण शालूवर जीव लावतो. तिच्यासाठी तो चिठ्ठ्या लिहितो, नाक सरळ व्हावे म्हणून चिमटा लावून बसतो, काळ्या चिमणीच्या मागे रानोमाळ हिंडतो. जातीने नेमून दिलेले जगणे झुगारून देण्याची त्याची सारी धडपड या प्रेमात एकवटली आहे. म्हणूनच ही प्रेमकथा इतकी जिव्हारी लागते.

जत्रेच्या दिवसांत गावातली डुकरे धरण्याचे काम बाप कचरू याच्यावर येते आणि जब्याला शाळा सोडून त्यात उतरावे लागते. डुक्कर हाताशी येते तोच शाळेत राष्ट्रगीत सुरू होते. सारे कुटुंब जागच्या जागी उभे राहते आणि डुक्कर निसटते. पुढे सबंध गाव, शालूसुद्धा, हा पाठलाग तमाशासारखा बघत हसते. धरलेले डुक्कर शाळेच्या भिंतीवरील आंबेडकर, सावित्रीबाई आणि गाडगेबाबा यांच्या चित्रांवरून वाहून नेले जाते. त्या दृश्यात संवादाची गरजच उरत नाही. अखेर जब्याने भिरकावलेला दगड थेट प्रेक्षकाच्या दिशेने येतो. मराठी चित्रपटातला इतका रोखठोक शेवट क्वचितच सापडेल.

कचरूची भूमिका किशोर कदम यांची, आईची छाया कदम यांची, शालूची राजेश्वरी खरात यांची. जब्या साकारणारे सोमनाथ अवघडे याआधी हलगी वाजवत. अभिनयाचा त्यांना अनुभव नव्हता. ६१व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्यांना सर्वोत्कृष्ट बालकलाकाराचा, तर मंजुळे यांना पदार्पणातील दिग्दर्शनाचा इंदिरा गांधी पुरस्कार मिळाला. चित्रपट १४ फेब्रुवारी २०१४ रोजी प्रदर्शित झाला.