दूध डेअरीत, चहा कोरा

शिर्डीत दर्शनाला येणाऱ्या लोकांकडून अलीकडे एक नवीच विचारणा होते. "ताई, बिनदुधाचं काही आहे का? तूप, दही, पनीर, काहीच नको." कुणाला दूध पचत नाही, तर कुणी जनावरापासून आलेलं काहीच खात नाही. या दुसऱ्या मंडळींना व्हिगन म्हणतात. शब्द १९४४ साली इंग्लंडात तयार झाला. आमच्या गटात काहीजणींना ही शहरी थेरं वाटली. शिवाय आमच्या बऱ्याचजणींच्या दारात गाय आहे, डेअरीच्या पगारावर घर चालतं. मग बिनदुधाचे पदार्थ विकायचे म्हणजे आपल्याच पोटावर पाय द्यायचा का? बैठकीत यावरून चांगलीच जुंपली. शेवटी ठरलं की आधी जुन्या बायकांना विचारू, तुमच्या लहानपणी घरात दूध होतं तरी किती?

उत्तर ऐकून आम्ही गप्प झालो. गाय असायची ती मुख्यतः बैलासाठी. गोऱ्हा झाला की घर खूश. देशी गाय वासराला पाजून जे उरेल तेवढं द्यायची. त्याचं विरजण लागायचं, ताक घुसळायचं, लोणी कढवून तूप. तूप सणाला, बाळंतिणीला, नाहीतर बाजारात. दूध म्हणून दूध प्यायचं ते तान्ह्या पोरानं आणि आजाऱ्यानं. ताक मात्र कुणी विकत नसे, ते शेजारी मागून न्यायचं. 'ताकाला जाऊन भांडं लपवू नये' ही म्हण आपण सगळ्याच वापरतो, पण ती काय सांगते बघा: ज्याच्या घरी दुभतं त्याच्या दारात भांडं घेऊन जायची रीत होती, आणि जाणाऱ्याला थोडी लाजही वाटायची. म्हणजे दुभतं सगळ्यांकडे नव्हतं. आमच्या मते गॅझेटियरच्या पानाइतकाच हा पुरावा भक्कम आहे.

मग गरिबाचं ताट कशावर चालायचं? बाजरीची भाकरी, पिठलं, ठेचा, दाण्याची चटणी. पावसाळ्यात हुलग्याच्या पिठाचे शेंगोळे, लसूण-मिरचीचं वाटण घालून उकळत्या पाण्यात शिजवलेले. आजाऱ्याला हुलग्याचं माडगं, गूळ घालून किंवा मीठ-जिरं घालून. संगमनेर-अकोल्याकडे मासवड्या. पोळ्याला पुरणपोळी व्हायची, पण वाटीत दूध नसे, गुळवणी असे. गुळाचं पाणी, थोडं पीठ लावून दाट केलेलं. साईबाबा १९१८ साली गेले. त्याआधी कित्येक वर्षं ते शिर्डीतल्या ठरलेल्या पाच घरी भिक्षा मागत. कोरडं ते झोळीत आणि पातळ ते टमरेलात घेत, असं वर्णन आहे. गावातल्या चुलीवर रोज शिजायचं तेच त्यांच्या वाट्याला यायचं, आणि ते मुख्यतः भाकरी-कालवण.

आता दाण्यांचं. उपवासाची साबुदाण्याची खिचडी आपल्याला फार जुनी, सोवळ्यातली वाटते. पण शेंगदाणा, मिरची, बटाटा आणि ज्या कंदापासून साबुदाणा होतो तो टॅपिओका, ही चारही पिकं मूळची अमेरिका खंडांकडची. गेल्या चार-पाचशे वर्षांतच ती समुद्रावरून आपल्याकडे आली. तेव्हा बाहेरचं म्हणून नाक मुरडायचं तर आधी उपवासच सोडावा लागेल! गांधीजींनी तर १९१२ साली दूध सोडलं होतं. १९१८ मध्ये खेड्याच्या सत्याग्रहानंतर गावोगाव फिरताना त्यांचा मुख्य आहार दाण्याचं लोणी आणि लिंबू असा होता. मग ते इतके आजारी पडले की डॉक्टर दुधासाठी हटून बसले. गाय-म्हशीचं नको असा नवस होता, शेळीचं चालेल, हे कस्तुरबांनी सुचवलं. बाईनंच वाट काढली, हे आम्हाला विशेष आवडलं.

मग एवढं दूध आलं कधी? आपल्या जिल्ह्यात मोठा बदल झाला तो १९७२ च्या दुष्काळानंतर. आमच्या आया-आज्या तेव्हा खडी फोडायला, पाझर तलावाच्या कामावर गेल्या. मिलो नावाची तांबडी परदेशी ज्वारी आणि कामावर मिळणारी सुकडी, एवढंच पोटात. जनावरं दावणीला मेली, नाहीतर मातीमोल विकली. त्याच्या थोडं आधी, १९७० मध्ये देशात दूध महापूर योजना सुरू झाली होती. राहुरीच्या कृषी विद्यापीठानं होल्स्टिन, जर्सी आणि गीर यांच्या संकरातून 'फुले त्रिवेणी' गाय तयार केली. कालव्याच्या पाण्यावर चारा होता. गावोगाव संस्था निघाल्या, कॅन आले, फॅट लावायचं यंत्र आलं. दहा दिवसांनी पगार. बाईच्या हातात पहिल्यांदा महिन्यातून तीनदा पैसा दिसायला लागला, आणि त्या पैशावर पोरं शिकली. ही गोष्ट लहान नाही, तिला कुणी नावं ठेवलेली आम्हाला चालणार नाहीत.

पण शेण काढणं, धार, वैरण बाईची, आणि खातं बहुतेक घरांत पुरुषाच्या नावावर. सकाळ-संध्याकाळ दूध डेअरीत आणि घरात चहा कोरा, हेही आम्ही डोळ्यांनी पाहिलं. शेजारी मागायचं ताकही बंद झालं, कारण ताक करायला दूध घरी राहीना. १ जून २०१७ ला आपल्याच राहाता तालुक्यातल्या पुणतांब्यातून शेतकऱ्यांचा संप सुरू झाला, तेव्हा दूध शहरात पाठवायचं नाही असं ठरलं. टीव्हीवर दूध रस्त्यावर ओतलेलं दिसलं. आमच्या काही घरांत त्या आठवड्यात खवा झाला, दही लागलं, पोरांनी पोटभर खाल्लं. ज्यांच्या दारात दूध तयार होतं त्यांना ते खायला संप लागला.

म्हणून बिनदुधाचे पदार्थ करून पाहायला आम्ही बसलो ते गायीच्या विरोधात नाही. दाण्याचं दही असं लावलं: एक वाटी शेंगदाणे रात्रभर भिजवून सालं काढली, तीन वाट्या पाणी घालून बारीक वाटून गाळलं, ढवळत उकळलं. कोमट झाल्यावर देठासकट आठ-दहा हिरव्या मिरच्या सोडून उबेला ठेवलं. पहिलं विरजण पातळ येतं. ते दुसऱ्या खेपेला लावलं की दही बरं धरतं. नुसतं खायला दाण्याचा वास येतो, पण बेसन लावून आलं-कढीपत्त्याची कढी केली तर घरच्या पुरुषांना कळली नाही. नारळाच्या दुधातल्या शेवया कोकणात शिरवाळे म्हणून पिढ्यान् पिढ्या खातात, त्या गुळासकट छान झाल्या. पेढ्याला मात्र जोड नाही. दाण्याच्या वडीला पेढा म्हणण्यात अर्थ नाही, ती वडी म्हणूनच चांगली. आणि खरवसाचं नाव कुणी काढू नका.

दोन गोष्टी सांगायला हव्यात. दाण्याच्या दुधात गायीच्या दुधाइतकं कॅल्शियम नसतं, ते नाचणी, तीळ, राजगिरा यांतून घ्यावं लागतं. बी-१२ तर वनस्पतीत मिळतच नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला आईच्या दुधाऐवजी असलं काही देऊ नका. बुरशी लागलेले, कडवट दाणे फेकून द्या. कुणाकुणाला दाण्याची ॲलर्जी असते, म्हणून विकताना पाटीवर 'शेंगदाणे आहेत' असं ठळक लिहा.

नावाचंही भान ठेवा. अन्न सुरक्षा नियमांप्रमाणे वनस्पतीपासून केलेल्या मालावर 'दूध', 'दही', 'पनीर' असे शब्द छापता येत नाहीत. नारळाचं दूध यासारखी रुळलेली नावं चालतात. २०२२ पासून व्हिगन मालासाठी वेगळं चिन्हही आहे, पण ते परवानगीशिवाय लावायचं नाही. त्यामुळे आमच्या गुरुवारच्या पाटीवर सध्या एवढंच आहे: शेंगोळे, मासवडी, पुरणपोळी-गुळवणी, दाण्याची कढी. खाली बारीक अक्षरात, दूध-तूप नाही. पुरणपोळी तेलावर भाजतो. आणि गटातल्या गायवाल्यांनी ठराव केलाय की रोज अर्धा लिटर दूध घरी ठेवायचं, डेअरीचं माप कमी भरलं तरी चालेल.