हम्फ्री कुकने ओढलेली रेघ

गोवंडीहून सीएसएमटीकडे निघालेली हार्बर लोकल चुनाभट्टी सोडून गुरू तेग बहादूर नगरात शिरते, तेव्हा जिल्हा बदलतो. मुंबई उपनगर मागे पडतं, मुंबई शहर लागतं. शहर जिल्ह्याच्या या उत्तर कडेला विधानसभेचे चार मतदारसंघ आहेत: माहीम, धारावी, सायन कोळीवाडा आणि वडाळा. आता १६६५ साली हम्फ्री कुक या इंग्रजाने पोर्तुगीजांशी हुज्जत घालून जादा पदरात पाडून घेतलेल्या जागा पाहा: माहीम, शीव (म्हणजे सायन), धारावी, वडाळा.

हा योगायोग मानणं कठीण आहे.

तहाने जग वाटून घेण्याची रीत तेव्हा जुनीच होती. १४९४ मध्ये तोर्देसियासला स्पेन आणि पोर्तुगालने केप व्हर्दे बेटांच्या पश्चिमेला ३७० लीगवर अटलांटिकमध्ये रेघ मारली. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई, साष्टी आणि मुंबईची बेटं पोर्तुगीजांना लिहून दिली. २३ जून १६६१ च्या विवाह-तहात पोर्तुगालने राजकन्या कॅथरिनबरोबर ‘मुंबईचं बंदर आणि बेट’ इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला आंदण दिलं. स्पेन आणि डच या दोघांशी झुंजणाऱ्या पोर्तुगालला इंग्रजांची सोबत हवी होती.

पण मुंबई म्हणजे नेमकं किती? सगळी मेख तिथेच होती. १६६२ च्या सप्टेंबरात अर्ल ऑफ मार्लबरो इंग्रजांची जहाजं घेऊन आला आणि त्याने मुंबईसोबत खाडीपलीकडची साष्टीही मागितली. पोर्तुगीजांनी साष्टी तर नाकारलीच, मुंबईही हातची सोडली नाही. मुंबईचा ताबा घ्यायला आलेला सर अब्राहम शिपमन आपले सैनिक घेऊन कारवारजवळच्या अंजदीव बेटावर ताटकळत राहिला. तिथे रोगराईत बहुतेक शिपाई मेले आणि १६६४ मध्ये तोही गेला. उरला त्याचा चिटणीस, हम्फ्री कुक.

१८ फेब्रुवारी १६६५ रोजी कुकने मुंबईचा ताबा घेतला. गोव्याचा व्हाइसरॉय अंतोनियो दे मेलो द कास्त्रो याला हे हस्तांतर मुळीच पसंत नव्हतं. इंग्रज मुंबईत बसले की हिंदुस्थान हातचा गेला, असं त्याने आपल्या राजाला कळवलं होतं. माहीम हे वेगळं बेट आहे, असा पोर्तुगीजांचा दावा. ओहोटीला चालत जाता येतं, मग बेट वेगळं कसं, हा इंग्रजांचा युक्तिवाद. कुक रेटत राहिला आणि माहीमच्या खाडीला येऊन थांबला. पलीकडचं वांद्रे, कुर्ला आणि तुर्भे बेटाच्या अंगची गोवंडी पोर्तुगीजांकडेच राहिली. गंमत पुढेच आहे: कुकने मान्य केलेल्या अटी लंडनला पटल्या नाहीत, त्याच्या जागी जर्व्हेस लुकास आला, आणि हाच कुक पुढे साष्टीतल्या जेझुइटांच्या मदतीने मुंबई परत घ्यायला माणसं जमवू लागला!

यावर आक्षेप येतो तो असा, की खाडी ही निसर्गाचीच हद्द; शीव हे नावही गावाच्या सीमेवरूनच पडलेलं. (काही जण ते जेरुसलेमच्या झायनशी जोडतात.) पण शीव प्रत्येक गावाला असते. त्यातली कोणती दोन राज्यांमधली सरहद्द व्हायची, हे निसर्ग ठरवत नाही. खाडी इतकी उघड हद्द असती, तर मार्लबरोने साष्टी मागितलीच नसती.

दुसरा पक्ष म्हणतो, उपनगर जिल्हा १९२० चा, वाढत्या वस्तीसाठी केलेला. तारीख बरोबर आहे. मात्र तो जिल्हा साष्टीतून कापून काढला होता, आणि साष्टीचा इतिहास तोवर पूर्ण वेगळा झाला होता. १७३७ ते १७३९ च्या मोहिमेत चिमाजी अप्पांनी ती पोर्तुगीजांकडून घेतली. १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाणं जिंकलं आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी कायमची त्यांची झाली. म्हणजे गोवंडीवर मराठ्यांचा अंमल होता, तेव्हा शीवचा किल्ला इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीचा होता.

खाडीच्या दोन्ही तीरांवर एकच सरकार आल्यावर ही रेघ पुसायला हवी होती. १८०५ पर्यंत शीवचा बांधरस्ता झाला, १९५० मध्ये महापालिकेची हद्द उपनगरांत पसरली, तरी १ ऑक्टोबर १९९० रोजी तोवर एकत्र असलेल्या मुंबई जिल्ह्याचे दोन भाग झाले ते जवळपास कुकच्याच रेघेवर. टिकली ती बहुधा महसुलामुळे. मुंबई बेटावरच्या जमीनदारांशी गव्हर्नर जेराल्ड आँजियरने १६७० च्या दशकात वेगळा करार केला होता आणि तिथे फजंदारीसारखे पोर्तुगीज वळणाचे धारणाप्रकार रुजले. साष्टीकडे तालुका आणि सात-बारा आला. शहर जिल्ह्यात तालुका नाही. गोवंडी मात्र कुर्ला तालुक्यात मोडते आणि तिचं जिल्हाधिकारी कार्यालय वांद्र्याला आहे.