नारूने मिटवल्या, करोनात उघडली
परभणी जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातल्या वालूरला हल्ली लोक बारव, म्हणजे पायऱ्यांची विहीर, बघायला येतात. तिच्या पायऱ्या सरळ न उतरता वळसा घालत पाण्यापर्यंत जातात. अशी चक्राकार रचना दुर्मीळच. टपाल खात्याच्या चित्रपोस्टकार्डावरही ती झळकली आहे. काही वर्षांपूर्वी मात्र हीच बारव गाळाने आणि कचऱ्याने भरलेली होती.

बारवा ओस का पडल्या? नळ आले, हातपंप आले, असे सांगून आपण मोकळे होतो. नारू या रोगाचे नाव कुणी काढत नाही.

नारूचा सगळा खेळ पायऱ्यांवर चाले. पायाला फोड आलेला माणूस पाण्यात उतरला की फोड फुटे आणि आतला जंत हजारो अळ्या सोडी. त्या सायक्लॉप्स नावाच्या बारीक पाणकिड्यांच्या पोटात वाढत. ते पाणी प्यायलेल्याच्या पायातून वर्षभराने दीड-दोन हात लांबीचा जंत बाहेर पडे. तो काडीला गुंडाळत रोज थोडाथोडा ओढायचा. मध्येच तुटला तर पाय सुजे आणि ऐन पेरणीत माणूस अंथरुणाला खिळे.

१९८३-८४च्या सुमारास देशभर नारू निर्मूलन मोहीम सुरू झाली. बाधित सात राज्यांत महाराष्ट्र होता. पाणी वस्त्रगाळ करून प्या, असे घरोघर सांगितले गेले, विहिरींत टेमेफॉस हे कीटकनाशक टाकले गेले, पायऱ्यांच्या विहिरी बंद करून शेंदायच्या केल्या गेल्या. हातपंपांनी मोठाच हात दिला; देशभर पोचलेला ‘इंडिया मार्क टू’ घडला तोही सोलापुरी पंपावरून. १९९६च्या जुलैत राजस्थानात शेवटचा रुग्ण सापडला, २०००मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारताला नारूमुक्त ठरवले. बारवांसाठी हळहळताना, त्या बंद करणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्यांना दोष देणे अन्यायाचे आहे.

मग करोना आला. १ जुलै २०२०च्या आषाढीला संतांच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. वारीच थांबली तिथे पर्यटनाची काय कथा! पण याच काळात रोहन काळे यांची ‘महाराष्ट्र बारव मोहीम’ आकाराला आली आणि वालूरच्या गावकऱ्यांनी श्रमदानाने आपली बारव मोकळी केली. पाणी पुन्हा दिसू लागले.

आता पाहुणे वाढले, तर त्यांच्या सांडपाण्याचे काय? शेजारच्या नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णी गावाने शोषखड्डे घेऊन उघडी गटारे संपवली. बारवेपाशी मात्र तो उपाय जपून करावा लागेल: शोषखड्डा असो वा स्वच्छतागृहाचा खड्डा, तो तिच्यापासून चांगला लांब, उताराच्या खालच्या अंगाला.